एका आकड्याचा चौकोन

रकाना १. शाळा

बस जिथे वळून परत जाते तिथली. दोन खोल्या, वर पत्रा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. तिसरी-चौथीच्या बाई म्हणजे माझी थोरली बहीण.

हा तक्ता मीच आखलेला आहे. अभ्यासक्रम कार्यालयात मी एकोणतीस वर्षं काढली. नवं पुस्तक छापण्याआधी त्याची कच्ची प्रत साठ शाळांत जायची. तिथल्या शिक्षकांनी ती शिकवून बघायची आणि कुठल्या पाठाला किती तास लागले ते भरून पाठवायचं. एका पाठाला एक पान. आता निवृत्तीनंतर ही गोष्ट सांगायला बसलो, तर हात आपोआप रकाने आखायला लागला. मामाला पत्र लिहितानासुद्धा मी आधी समास आखायचो, म्हणून ताई मला 'पट्टी' म्हणायची.

रकाना २. पाठ

इयत्ता तिसरी, गणित, पाठ चौदावा. बाकी उरणारा भागाकार. सतरा बिया, पाच मुलं. प्रत्येकाला तीन, उरल्या दोन.

हा पाठ तिसरीत ठेवायचा की चौथीत, यावर समितीत दोन तट होते. संचालकांच्या टेबलावर श्रीमंत देशांची गुळगुळीत पुस्तकं असायची. "त्यांच्याकडे हे दुसरीत आहे," ते म्हणायचे. "आपल्या मुलांना काय डोकी कमी आहेत?" आता याला हो कोण म्हणणार?

मी ताईला फोन केला होता.

"ताई, तू तरी खरं भर. बाकीचे 'एक तास, पाठ छान' लिहून मोकळे होतात."

"खोटं लिहायचं खातं तुमच्या ऑफिसात आहे. आमच्याकडे नाही."

"ताई."

"बरं, साहेब. खरं भरते."

रकाना ३. लागलेले तास (एक आकडा लिहावा)

चौकोन एकच होता. एखादा पाठ नऊ तासांच्या पुढे जाईल असं माझ्या मनातच आलं नाही. शिवाय दोन चौकोन केले की उजवा समास बिघडत होता.

ताईला अकरा तास लागले. रोज एक, अकरा दिवस. तिने ११ लिहिलं. पहिला एक आत बसला, दुसरा बाहेर राहिला. संगणकात गेला आतला.

रकाना ४. शेरा (दोन ओळींत)

दोन ओळी संपल्यावर ताईने पान उलटलं आणि मागे लिहिलं:

'पहिले चार दिवस मुलं उरलेल्या बियाही वाटूनच टाकतात. कुणाला तीन, कुणाला चार, पण खाली काही ठेवायला तयार नाहीत. पाचव्या दिवशी एकीने बी दाताने फोडून अर्धी अर्धी केली. सहाव्या दिवशी प्रश्न आला, उरलेल्या कुणाच्या? सातवा पूर्ण तास त्यावर भांडण. शेवटी मुलांनीच ठरवलं की उरलेल्या डब्यात टाकायच्या आणि उद्याच्या वाटणीत घ्यायच्या. तिथून गाडी रुळावर आली. अकराव्या दिवशी चौतिसातल्या बत्तीस जणांना येतं. उरलेल्या दोघांना मी शाळा सुटल्यावर वाटेत शिकवते आहे.'

रकाना ५. चूक केव्हा लक्षात आली?

(हा रकाना मूळ तक्त्यात नव्हता.)

पुस्तक छापून झाल्यावर.

नाही. हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो, बायकोलासुद्धा. खोडतो आणि पुन्हा भरतो.

छपाईच्या आधी, मंगळवारी सकाळी. बैठकीत शाळांची यादी फिरली. बसच्या शेवटच्या थांब्यावरच्या शाळेपुढे '१' होता. संचालकांनी त्यावर बोट ठेवलं. "बघा. तिथेसुद्धा एका तासात झालं. बोला आता." चौथीच्या बाजूच्या मंडळींनी आपले कागद मिटले. एकाने चहा मागवला.

माझी बहीण आणि एका तासात? मला बुटाची नाडी बांधायला शिकवायला तिने आठवडा घेतला होता. मी उठून गठ्ठ्यातून पान काढलं. अकरा. मागची बाजू उभ्यानेच वाचली, दोनदा.

नोंदी करणाऱ्या ऑपरेटर बाईंना पान दाखवलं.

"बाहेरचं मी घेत नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "घ्यायचं म्हटलं तरी मशीन घेत नाही. एका आकड्याची जागा तुम्हीच सांगितलीत."

"अशी आणखी किती पानं असतील?"

"मी आकडे मारते, साहेब. वाचत नाही."

दुपारी ताईला फोन लावला.

"चौदाव्या पाठाला किती लिहिलेस?"

"अकरा. का रे, जास्त झाले?"

"नाही, सहज विचारलं."

"तुझा चौकोन फार बारका आहे, पट्टी. माझी पोरं त्यात मावत नाहीत."

ती हसली. मीही हसलो.

शुक्रवारी मजकूर छापखान्यात जायचा होता. मी तोंड उघडलं असतं तर साठ शाळांची पानं पुन्हा काढावी लागली असती, महिना गेला असता. हे कारण खरं आहे. पण पुरेसं नाही. तक्ता कुणी आखला, हा प्रश्न निघाला असता, आणि त्याच आठवड्यात माझ्या बढतीचा कागद संचालकांच्या सहीला गेला होता. मी पान गठ्ठ्यात परत ठेवलं. वर नाही, मधे कुठेतरी.

रकाना ६. परिणाम

पाठ तिसरीत गेला. वेळापत्रकात त्याला एक तास मिळाला, देशभर.

पुढच्या वर्षी तपासनीस ताईच्या वर्गात आले तेव्हा पाठाचा सातवा दिवस होता आणि जमिनीवर बियांचा पसारा होता. तिला लेखी विचारणा झाली. आपल्याच शाळेच्या अहवालानुसार या पाठास एक तास पुरतो, तरी विलंबाचा खुलासा करावा.

तिचा फोन आला.

"पट्टी, मी एक लिहिला होता का रे?"

माझ्या टेबलावर तेव्हा नवी काच होती, हुद्द्याबरोबर आलेली.

"बघावं लागेल, ताई. जुने कागद आहेत."

"मला अकराच आठवतात. पण त्यांच्याकडे छापील आहे म्हणतात. झाली असेल माझ्याकडूनच चूक. वय झालं आता."

तिने माफीचं पत्र दिलं. मसुदा मला वाचून दाखवला. मी त्यात एक शब्द सुधारून दिला.

रकाना ७. प्रत्यक्ष भेट

दोन वर्षांनी गेलो. ते पान बॅगेत होतं. तिला दाखवायचं, एवढं ठरवूनच बसमध्ये बसलो होतो.

मी मागच्या बाकावर बसलो. ताईने फळ्यावर तारीख घातली, पाठ चौदावा लिहिला. सतरा भागिले पाच. भाग तीन, बाकी दोन. मुलांनी एका सुरात म्हटलं. आणखी चार उदाहरणं, तोच सूर. तिने घड्याळ बघितलं आणि फळा पुसला.

"बिया नाहीत?" मी विचारलं.

"तासात बसत नाहीत."

शेजारच्या मुलीला मी हळूच विचारलं, "उरलेल्या दोन कुणाच्या गं?"

ती आधी माझ्याकडे आणि मग बाईंकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोन."

शाळा सुटल्यावर आम्ही थांब्याकडे निघालो. मी पान काढून तिच्या हातात दिलं. ताईने चष्मा लावला, पुढची बाजू पाहिली, मग मागची. स्वतःचंच अक्षर तिने बोटाने ओळ धरून वाचलं.

"अकराच होते," ती म्हणाली.

"हो."

"तुला कधीपासून माहीत?"

"पुस्तक छापायच्या आधीपासून."

"मी विचारलं तेव्हाही?"

मी मान डोलावली. तिने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "माफीच्या पत्रात 'नजरचूक' हा शब्द तूच घातलास. मी नुसतं 'चूक' लिहिलं होतं."

"पुढच्या वेळी दोन चौकोन आखतो, ताई."

"आख," ती म्हणाली, आणि पान घडी करून मला परत दिलं. "तुझ्या गठ्ठ्यातलं आहे."

बस आली. "नीट जा, साहेब," ती म्हणाली. या वेळी साहेब थट्टेतलं नव्हतं. तेव्हापासून मी साहेबच आहे.

रकाना ८. सुधारित तक्ता

पुढच्या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. मी दोन चौकोन आखले. समास बिघडला, बिघडू दिला. खाली ठळक लिहिलं, आवश्यक वाटल्यास मागील बाजूस लिहावे.

साठही शाळांची पानं आली. ताईचं मी स्वतः शोधून काढलं. नोकरीतलं तिचं ते शेवटचं वर्ष. चौदाव्या पाठापुढे दोन्ही चौकोन भरलेले होते, सुबक अक्षरात: ०१. शेरा: समजले.

मी पान उलटून बघितलं. मागे कोरं होतं.