न्यायला आलेलं माणूस

शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते आणि युनिफॉर्मवाल्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "वाढत्या अंगाचं द्या हो, वर्षभर तरी पुरलं पाहिजे," असं एकीकडून, तर "अहो, या पँटीत याच्यासारखं अजून एक पोरगं मावेल!" असं दुसरीकडून. युनिफॉर्मवाले गळ्यात टेप अडकवून सगळ्यांना हसतमुखाने उत्तरं देत होते. त्या भागात असं घर नव्हतं, ज्यातल्या पोराची छाती-कंबर त्यांनी मोजली नव्हती. रस्त्याने निघाले की पावलोपावली नमस्कार घ्यावे लागत, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना फार आवडत.

दुकानामागच्या खोलीत त्यांची बायको शर्टांना काजं करत बसली होती. अंगात सैल झगा, आणि त्याची डावी बाजू पिनेने लांब ओढून खुर्चीच्या पाठीला टोचलेली. दोन वर्षांपूर्वी तिला बरगड्यांवर नागीण झाली होती. पुरळ गेलं, खपल्या पडल्या, कातडी नितळ झाली. आग मात्र आतच राहिली. कपडा नुसता घासला तरी कुणी उलथनं तापवून टेकवल्यासारखी ती कळवळे. पंख्याचा वारासुद्धा सोसवत नसे. जिचा जन्म कापडात गेला, तिला कापड अंगाला लावून घेता येईना. यापेक्षा क्रूर थट्टा कोणती!

"दिसत तर काही नाही," सासूबाई म्हणत. नवरा म्हणे, "दिसत तर काही नाही." शेजारीण डोकावून जाई आणि तेच म्हणून जाई. हे वाक्य ऐकून ऐकून त्या बाईने दुखतंय म्हणणंच सोडलं. मग जेवण सुटलं. मग केस विंचरणं सुटलं. एके दिवशी लेकीने पाहिलं, तर आई मांडीवर कात्री घेऊन भिंतीकडे बघत बसलेली, हाक मारली तरी वळेना.  लेकीने कात्री काढून घेतली, कुणाला न विचारता गाडी बोलावली आणि आईला दवाखान्यात नेलं.

तिथून त्यांना एका उपचार केंद्रात पाठवलं. न जाणाऱ्या दुखण्यांवर आणि खचलेल्या मनांवर तिथे एकत्रच इलाज होई. औषध होतं केटामीन. खरं तर हे भूल देण्याचं औषध, पण इथे ते बेताने देत, माणूस निजेल इतकं नाही, दुखण्याची पकड ढिली होईल इतकंच. पाच-सात जण गोल मांडलेल्या आरामखुर्च्यांवर डोळ्यांना पट्ट्या बांधून पडून राहत. मध्ये डॉक्टरीणबाई बसत. औषधाचा भर ओसरला की पट्ट्या निघत आणि बोलणं सुरू होई. नियम एकच होता आणि तो कडक होता. घरचं माणूस वर येणार, सिस्टर पेशंटचा हात त्याच्या हातात देणार, तेव्हाच पेशंट जाणार. "डोकं जागं झालं असं तुम्हाला वाटतं," सिस्टर सांगे, "पण पायांना ते उशिरा कळतं."

घरी हे कळलं आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "चार परक्या लोकांत बसून घरचं गाऱ्हाणं सांगायचं? आणि तेही आत्ता? पोरीचं लग्न ठरत आलंय! आई वेड्यांच्या दवाखान्यात जाते हे कळलं तर कोण करेल तिला? असलं रक्तातून उतरतं म्हणतात."

"आजी, तिला दुखतंय गं!" लेक म्हणाली.

"दुखतं सगळ्यांनाच. मला नाही दुखत? मी जाते का असल्या ठिकाणी?"

युनिफॉर्मवाले वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. वाईट माणसं परवडली, त्यांच्यापासून जपून तरी राहता येतं. त्यांनी मधला मार्ग काढला. "जा तू," ते बायकोला म्हणाले, "पण पुढच्या दाराने नको. मोठा बोर्ड आहे तिथे. इमारतीला मागून लोखंडी जिना आहे, त्याने जा. पहिल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे. कुणी भेटलंच तर दाताला आलोय म्हणायचं. मी येईन न्यायला, मागूनच."

ती "बरं" म्हणाली. नवरा येतोय हेच तिला खूप वाटलं.

असं वागणारं ते एकटंच घर होतं असं समजू नका. केंद्राच्या बाकांवर न्यायला आलेली माणसं बसत, ती सगळी तोंडासमोर पेपर धरून. इतके पेपर वाचणारे लोक वाचनालयातही एका वेळी सापडायचे नाहीत. फक्त एका बस ड्रायव्हरची बायको उघड्या तोंडाने बसे आणि मोज्यांना रफू करता करता सगळ्यांशी गप्पा मारे. तिच्या नवऱ्याची पाठ अपघातात कायमची गेली होती.

पहिल्या खेपेला युनिफॉर्मवाल्यांची बायको एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या खेपेला पट्टी काढल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं, मी शिवलेलं सगळं उसवत चाललंय. टाके आपोआप सुटताहेत. आणि कुणी ओरडत नाहीये मला." मग थांबून म्हणाली, "मला फार दुखतं हो."

"कळतंय, ताई," बस ड्रायव्हर म्हणाला.

बस्स, एवढंच. ती ओंजळीत तोंड घालून रडली, आणि तिला कुणी उगी केलं नाही, रडू दिलं.

जादू झाली नाही. आग पुरती गेली नाही. पण चौथ्या खेपेनंतर लेक उठून बघते तर आई चादर पांघरून झोपलेली. दोन वर्षांत पहिल्यांदा! लेक तशीच दाराशी उभी राहून रडत राहिली. पुढे आई जेवू लागली. दुकानात येऊन एका गिऱ्हाइकाला म्हणालीसुद्धा, "इतकं वाढतं माप नका घेऊ, पोरगं तंबूत राहिल्यासारखं दिसेल." युनिफॉर्मवाले चमकून बघतच राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अजून दोनदा या, मग बरंच सुसह्य होईल. सगळं त्या दोन खेपांवर येऊन ठेपलं होतं.

त्यातल्या पहिल्याच दिवशी युनिफॉर्मवाले बायकोला आणायला निघाले. इमारतीसमोरचा फुटपाथ आला, तिथून रस्ता ओलांडून मागच्या बोळात वळायचं, तोच हाक आली, "काय युनिफॉर्मवाले, इकडे कुठे?"

होणारे व्याही! निवृत्त मुख्याध्यापक, हातात छत्रीची मूठ, तोंडात स्पष्ट उच्चार. युनिफॉर्मवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"इकडेच... जरा दाताला."

"अरे वा! मलाही दाखवायचाच आहे. डॉक्टर कसा आहे हा?"

झालं. दातांवरून हिरड्यांवर, हिरड्यांवरून हॉलच्या भाड्यावर, तिथून पाहुण्यांच्या यादीवर. मुख्याध्यापक बोलत होते, युनिफॉर्मवाले माना डोलावत होते, आणि समोर दुसऱ्या मजल्यावरच्या केंद्रात बाकीची माणसं एकेक करून आपापल्या घरच्यांच्या हातात जात होती.

"तुमचे अजून आले नाहीत?" सिस्टरने विचारलं.

बायको खिडकीशी गेली. समोरच्या फुटपाथवर तिला नवरा दिसला. त्याच्यासमोर कोण उभं आहे तेही दिसलं. त्याच क्षणी नवऱ्याने वर पाहिलं. नजरानजर झाली. त्याने मान खाली घातली.

तिला सगळं समजलं. राग आला का तिला? नाही हो. राग यायला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं लागतं, आणि ते तिला आत्ता कुठे वाटू लागलं होतं. तिच्या डोक्यात एकच आलं, आपण इथेच थांबलो तर सिस्टर खाली हाक मारेल, आणि पोरीचं लग्न मोडेल.

"आलेत," ती म्हणाली. "मागे उभे आहेत."

आत एकाला ओकारी होत होती. सिस्टरच्या हातात भांडं होतं. नियम तिचाच, पण त्या घाईत तिने मानेनेच बरं म्हटलं. "जपून हं, ताई."

मागचा जिना अरुंद, गोल वळणाचा, पायऱ्या जाळीच्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने झग्याची डावी बाजू बरगड्यांपासून लांब धरलेली. पायांना उशिरा कळतं, हे सिस्टरने सांगितलं होतंच.

आवाज पुढच्या रस्त्यावरही ऐकू आला. पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "मागच्या जिन्यावरून बाई पडली!"

"अरेरे," मुख्याध्यापक म्हणाले. "चला, बघायला हवं."

 युनिफॉर्मवाल्यांचे पाय निघाले होते. पण तोंड आधी बोललं, "असेल कुणी. उगाच गर्दी कशाला वाढवायची?"

मुख्याध्यापकांना ते पटलं. ते आणखी थोडा वेळ पाहुण्यांबद्दल बोलले आणि मग निरोप घेऊन गेले. ते वळणाआड गेल्यावर युनिफॉर्मवाले धावत सुटले. तोवर फार उशीर झाला होता.

सांत्वनाला घर भरलं. सासूबाई येणाऱ्याला सांगत होत्या, "दाताला गेली होती हो. चक्कर आली असेल." मुख्याध्यापकही आले. चहाचा कप हातात घेऊन हळहळले. "काय हा दैवदुर्विलास! आपण तिथेच उभे होतो, युनिफॉर्मवाले. तुम्हाला तरी काय कल्पना असणार!"



तेवढ्यात दारात ड्रायव्हरची बायको आली. तिला कुणी ओळखत नव्हतं. ती लेकीजवळ बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मी होते गं शेवटी. नवऱ्याला घेऊन पुढून उतरले आणि आरडाओरडा ऐकून मागे पळाले. तुझ्या आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी विचारलं, ताई, घरचं कुणी आलंय का? तर म्हणाली, हो, आमचे हे आलेत, समोरच आहेत. मी बोलवायला उठत होते. तिने माझा पदर धरला. म्हणाली, आत्ता नका बोलावू. ते कुणाशीतरी बोलताहेत."

 मुख्याध्यापकांनी कप खाली ठेवला.

"कोण बाई ही?" सासूबाई म्हणाल्या. "काहीतरी गैरसमज होतोय तुमचा. आमची सूनबाई दाताला..."

"आजी, पुरे!" लेक उठून उभी राहिली. बापासमोर आली. तिचा आवाज चढला नाही. "बाबा, ओरडा ऐकू आला तेव्हा तुम्हाला कळलं होतं? आईच आहे म्हणून?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. सगळं घर नाही ऐकायलाच टपलं होतं, स्वतः मुख्याध्यापकसुद्धा.

"हो," युनिफॉर्मवाले म्हणाले. "कळलं होतं. दाताला नव्हती गेली ती. दुखण्याला आणि मनाला, दोन्हीला औषध घ्यायला गेली होती, आणि बरी होत होती. मीच तिला मागच्या जिन्याने पाठवत होतो." आणि ते इतके मोठ्याने रडले, की दाराबाहेरची माणसं आत आली.

लेकीने डोळे पुसले आणि ती मुख्याध्यापकांकडे वळली. "काका, आईचं दुखणं लपवून मला तुमच्या घरी यायचं नाही. ते माहीत असूनही मी चालणार असेन तर सांगा."

"विचार करून कळवतो," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी छत्री उचलली. कळवलं मात्र कधीच नाही.

वाचणाऱ्यांनो, युनिफॉर्मवाल्यांना आत्ता नावं ठेवू नका. आधी आपल्या घरात डोकावून या. कुणाच्या गोळ्या कुठल्या डब्यात लपवल्यात, कोण पाहुणे आले की आतल्या खोलीत बसतं, कुणाला सांगून ठेवलंय की विचारलं तर अमुक म्हणायचं, ते बघा. तुम्ही मारलं नाही कुणाला. युनिफॉर्मवाल्यांनी तरी कुठे मारलं होतं?

उपचाराच्या दिवशी युनिफॉर्मवाले आता दुकान लेकीवर सोडतात आणि केंद्राच्या पुढच्या दाराने, बोर्डाखालून वर जातात. सिस्टर पहिले काही आठवडे त्यांच्याशी बोललीच नाही. नियम मोडल्याचं तिचं तिलाही खात होतं. आता ती ज्यांना न्यायला कुणी आलेलं नसतं, त्यांचा हात युनिफॉर्मवाल्यांच्या हातात देते. ते एकेक पायरी सांभाळून त्यांना खाली आणतात आणि घरापर्यंत पोचवतात.

ओळखीचे अजूनही पावलोपावली भेटतात. परवाच एकाने जिन्यात गाठलं. "काय युनिफॉर्मवाले, इकडे कुठे? दाताला?"

"नाही," ते म्हणाले. "न्यायला आलोय."

"कुणाला?"

"बायकोला न्यायचं होतं," युनिफॉर्मवाले म्हणाले. "तेव्हा आलो नाही."