एकाच तारेतले दोन रस्ते

कागद दीडच पानाचा होता, पण तो वाचता वाचता मीटरबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रुग्णवाहिका बोलवायचा नंबर काल सकाळी बेचाळीस मिनिटं बंद का पडला, त्याचा हा अहवाल. साहेबांनी स्वतः लिहिलेला. खाली ‘कारण’ म्हणून लिहिलं होतं, ‘जोडकामातील निष्काळजीपणा’, आणि पुढे काकांचं नाव. वा रे वा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

काका म्हणजे फोनच्या लाईन पुरवणाऱ्या या कंपनीतले सगळ्यात जुने जोडारी. केसाएवढ्या काचेच्या तारेचं एक टोक दुसऱ्याला वितळवून असं चिकटवायचे की उजेडालासुद्धा कळू नये आपण सांधा ओलांडला. तीस वर्षं हेच केलं. निवृत्तीला अडीच महिने राहिलेले, आणि या कागदावर सही झाली की पेन्शन राहिलं बाजूला, आधी चौकशी. मीटरबाईला हे काम त्यांनीच शिकवलेलं. ती सदानकदा उजेड मोजायचं मीटर गळ्यात अडकवून फिरते म्हणून तिचं हे नावही त्यांनीच पाडलेलं.

काल झालं होतं ते असं. गटाराचं खोदकाम करणाऱ्या मशीननं रस्त्याखालची केबल तोडली. केबल तुटतेच, त्यात नवल नाही. म्हणून तर रुग्णवाहिकावाल्यांनी दोन लाईन घेतल्या होत्या, एक मोठ्या रस्त्यानं आणि दुसरी पुलावरून. एक गेली तर दुसरी हजर. पण काल दोन्ही एकदम गेल्या. साहेबांचं म्हणणं असं की पहिली मशीननं तोडली आणि दुसरी काकांच्या कच्च्या जोडामुळे पडली.

‘काकांचा जोड आणि कच्चा,’ मीटरबाई पुटपुटली आणि खाली, सगळ्या लाईन येतात त्या यंत्रांच्या खोलीत गेली. तिथून तिनं काकांचा जोड मोजला. इतका पक्का की नव्या पोरांना दाखवावा. मग तिनं जे कुणीच करत नाही ते केलं. दोन्ही लाईनच्या दोरीसारख्या पिवळ्या तारा बोटानं धरून त्या कुठे जातात ते बघत गेली.

दोन्ही एकाच डब्यात शिरत होत्या आणि डब्यातून बाहेर एकच तार निघत होती.

या धंद्यातली करामतच ही आहे. एका तारेत चाळीस रंगांचा उजेड सोडायचा, डोळ्यांना न दिसणारा, आणि प्रत्येक रंगावर वेगळ्या गिऱ्हाइकाचं बोलणं. इकडे मिसळायचं, तिकडे निवडून घ्यायचं. कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. पण तार तुटली की चाळीसही गेले. रुग्णवाहिकेच्या दोन लाईन म्हणजे याच तारेतले दोन रंग होते. स्क्रीनवर एक रेघ हिरवी, एक निळी, म्हणून सगळे चार वर्षं खुशाल त्यांना दोन रस्ते समजत होते. एकाच दाराला दोन रंग फासले आणि सांगितलं, हे पुढचं दार, हे मागचं.

तिनं कपाटातून चार वर्षांपूर्वीची फाईल काढली. पुलावरची तार तेव्हा तयार नव्हती; नंतर झाली, पण लाईन तिच्यावर न्यायची राहूनच गेली. ‘तात्पुरते दुसऱ्या रंगावर घ्यावे,’ साहेबांचं अक्षर. त्याखालचा कागद तिनं दोनदा वाचला. ‘दोन्ही मार्ग तपासले.’ सही तिची स्वतःची.

तिला आठवलं. पलीकडच्या टोकाला मीटर लावलं, दोन्ही रंग लख्ख आले, तिनं सही ठोकली. दिवसभर उजेड मोजणाऱ्या माणसाचीच ही चूक. उजेड आला ना, मग तो कुठल्या रस्त्यानं आला हे कोण विचारतो. खरं सांगायचं तर क्षणभर तिला वाटलं, फाईल आत ठेवावी आणि मूग गिळून गप्प बसावं. मग स्वतःचाच इतका राग आला की कपाटाचं दार तिनं धाडकन आपटलं.

अकराला बैठक होती. साहेब, भिंतीकडच्या खुर्चीत काका आणि समोर रुग्णवाहिका केंद्राच्या मॅडम. साहेब अहवाल वाचत होते, काका खाली मान घालून ऐकत होते.

‘जोड पक्का आहे,’ मीटरबाई मध्येच म्हणाली. ‘मी आत्ताच मोजलाय. दोन्ही लाईन एकाच तारेत आहेत, साहेब. दुसरी पुलावरनं तुम्ही कधी नेलीच नाहीत.’

साहेब हसले. ‘तपासणीवर सही तुमचीच आहे, बाई. विसरलात वाटतं.’

‘नाही विसरले. फाईल घेऊनच आलेय. चूक माझी आहे, तुमचीही आहे. काकांची नाही.’

‘पोरी, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस,’ काका हळूच म्हणाले. ‘माझं काय, अडीच महिने राहिलेत.’

‘तुम्ही गप्प बसा, काका. तीस वर्षं गप्पच बसलात.’

मॅडमनी कागद बाजूला सारला. ‘बेचाळीस मिनिटांत किती जणांनी फोन लावला, आम्हाला कधीच कळणार नाही. लागलाच नाही तर नोंद कुठून येणार?’ त्या सावकाश बोलत होत्या. ‘आता एकच सांगा. काल तुम्ही दुरुस्त करून दिलंत. या क्षणी आमच्या दोन्ही लाईन कुठे आहेत?’

प्रश्न साहेबांना होता, पण उत्तर दिलं ते काकांनी.

‘त्याच तारेत, मॅडम. काल मीच जोडली. आणि ते मशीन अजून तिथंच खोदतंय.’

मॅडम उठून बाहेर गेल्या. दाराआडून त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. गाड्या केंद्रात ठेवू नका, चौकाचौकात उभ्या करा, नंबर चालू आहे असं धरून चालू नका.

‘पुलावरची तार आज जोडायची, काका,’ मीटरबाई म्हणाली. ‘चला.’

पण उठण्याआधी तिनं अहवाल ओढून घेतला, काकांचं नाव खोडलं आणि एक ओळ सोडून खाली स्वतःचं लिहिलं. मग कागद साहेबांकडे सरकवला.

‘वर एक ओळ मोकळी ठेवलीय,’ ती म्हणाली. ‘तुमच्यासाठी.’