अर्धी दाढी

शेजारी कुणाचा अपमान होऊ लागला की आपल्याला वर्तमानपत्र वाचायची फार गोडी लागते. त्या सकाळी सलूनच्या बाकावर असे तीन वाचक होते. पेपर एकच; पानं वाटून घेतलेली.

खुर्चीत कंत्राटदार. तोंडाला फेस, कानाला फोन. वस्तरा चालू असताना जबडा हलवू नये, एवढं कुणालाही कळतं. पण कंत्राटदार फोनवर कुणाला तरी झापत होते. हनुवटीवर जरासं कापलं. रक्ताचा ठिपका दिसताच त्यांनी दाढी करणाऱ्याच्या जन्मावरून, आईवरून आणि सबंध समाजावरून एक शब्द हासडला. तो इथे छापत नाही. ज्यांना येतो त्यांना येतो. बाकीच्यांनी शिकायची घाई नाही.

वस्तरा थांबला. थांबला तो नेमका गळ्यावर!

वस्तरा धरणारा हा दुकानमालकाचा जावई. तो हळूच म्हणाला, "पुन्हा बोला."

तिन्ही पानं आणखी वर गेली.

शेजारच्या खुर्चीमागून सासरे म्हणाले, "जावईबापू, वस्तरा मिटा."

"मामा, ऐकलंत ना काय बोलला हा?"

"ऐकलं. म्हातारा झालोय, बहिरा नाही."

"मग? गिळून टाकू?"

"गिळू नका. तुम्हाला राग आला नसता तर मुलीला आजच माहेरी आणलं असतं मी! पण हात चालवलात, तर संध्याकाळी लोक काय म्हणतील? न्हाव्याने गिऱ्हाईक कापलं. तो काय बोलला, हे कुणी विचारणारही नाही. घाण त्याच्या तोंडची आणि तुरुंगात तुम्ही! एवढे उपकार कशाला त्याच्यावर?"

जावयाने वस्तरा मिटला. कंत्राटदारांच्या गळ्याचा टॉवेल ओढून काढला.

"उठा."

"अरे, अर्धीच झालीय!"

"उरलेली तो शब्द मागे घ्याल तेव्हा. इथेच, याच लोकांसमोर."

"बघून घेईन तुला!"

"डावीकडून बघा," सासरे म्हणाले, "तिकडून बरे दिसता."

कंत्राटदार गेले, एक गाल गुळगुळीत, दुसरा फेसाळ. सासरे बाकाकडे वळले. "काय मंडळी, पेपरात विशेष काय?"

तिघा वाचकांपैकी पोस्टातले कारकून उठले. "मी ऐकला तो शब्द. कोणी विचारलं तर सांगेन. खरं तर मघाशीच..."

नागरिकहो, शिवी कितीही हलकट असो, तिला पात्याने उत्तर द्यायचा परवाना कुणालाच नाही. पण ज्याच्या काळजात ती घुसली, त्यालाच तेवढा संयम शिकवण्याआधी आपण आपलं पान खाली ठेवावं. तो एकटा नाही हे त्याला दिसलं, तर त्याची मूठ आपोआप सैल होते.

कारकुनांनी पान घडी करून ठेवलं, खुर्चीत बसले आणि मान मागे टाकून गळा पुढे केला. "मघाशीच बोलायला हवं होतं हो मी," ते पुन्हा सुरू झाले.

जावयाने वस्तरा उघडला.

"आता मात्र गप्प बसा," तो म्हणाला, "कापेल."