नंदिनीच्या जिप्सीची मागची खिडकी

"मागचं दिसत नाई तं नंबर नाई," सफारीच्या फेऱ्यांचे नंबर लावणाऱ्या दादाजीभाऊंनी जंगलाच्या गेटवर सगळ्या ड्रायव्हरांसमोर नंदिनीला सुनावलं. "परवा पाहीन. नाई तं तुया नंबर लटारूले."

नंदिनीच्या जिप्सीच्या कापडी हूडला मागं प्लास्टिकची खिडकी होती. ती उन्हानं पिवळी पडून पार आंधळी झाली होती. पावसाळी फेऱ्यांना हूड चढवूनच जावं लागतं आणि अरुंद वाटेवर वाघ समोर ठाकला की गाडी मागं घ्यावी लागते. त्यामुळे भाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. झोंबलं ते त्यांचं पुढचं बोलणं. "बाईमाणसानं गाडी घेतली का असंच होते." शेजारी राहणाऱ्या लटारूच्या जिप्सीच्या हूडला तर खिडकीच्या जागी युरियाचं पोतं शिवलेलं होतं. ते मात्र भाऊंना कधी दिसलं नव्हतं!

चंद्रपूरचा हूडवाला फोनवर म्हणाला, "दिवाळीनंतर या." एकदा गेलेला नंबर परत मिळत नाही, हे गेटवर शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्या गेटवर बाईच्या नावाचा तेवढा एकच नंबर होता.

"मीच बसवीन," नंदिनी म्हणाली आणि टेबलावर अंथरतात तसलं जाड, पारदर्शक प्लास्टिक घेऊन घरी आली.

शिवणाचं तिला भय नव्हतं. तिची आई गिरजाबाई हिनं वडशाच्या नाटक कंपन्यांचे पडदे शिवण्यात जन्म घालवला होता, आणि पडद्याचं दुसरं टोक धरायला नंदिनीच असायची. तिनं हूड उतरवून कडुनिंबाच्या सावलीत पसरला, जुनी खिडकी कापून टाकली आणि दाभणानं नवी शिवली. हूड चढवला, तर प्लास्टिकवर लाटाच लाटा. अंगणातल्या एका कडुनिंबाचे तीन दिसू लागले.

"नाटक कधी हाये?" लटारूनं कुंपणावरून विचारलं आणि पोट धरून हसला.

गिरजाबाईनं शिवणीवरून बोट फिरवलं. "झोल ठेवलास ना, पोरी? पडद्याले झोल लागते, तवा तो चांगला पडते. ह्याले तं ताणून राहा लागते."

नंदिनीला स्वतःच्या हाताचाच राग आला. हात लहानपणी शिकला तेच करून बसला होता. तिनं सगळी शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी हूड गाडीवरच ताणून बांधला आणि गाडी भर उन्हात आणली. भादव्याचं ऊन, अंग भाजून काढणारं. प्लास्टिक बॉनेटवर टाकून मऊ होऊ दिलं, मग माय आतून आणि लेक बाहेरून दाभण एकमेकींकडे ढकलत राहिल्या. बोटं रक्ताळली. दाभणाची भोकं मेणबत्तीच्या मेणानं बुजवली तेव्हा कुठं दोघी जेवायला बसल्या.

सकाळी दादाजीभाऊ म्हणाले, "बोडीच्या पाळीवरून गाडी मागं घेऊन दाखव. हूड लावून."

ती पाळ म्हणजे गेटजवळच्या तळ्याचा बांध, जेमतेम गाडीएवढा, दोन्ही बाजूंना पाणी. नंदिनी गाडीत बसली. "घेतो ना. पण तुमीच मागं उभे राहा, भाऊ. खिडकी बरोबर नसंल तं सगळ्यात पयले तुमालेच समजंल."

ड्रायव्हर खिदळले. आता हटायचं कसं? भाऊ पाळीच्या टोकाला सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत, छाती काढून उभे राहिले. गाडी मागं येऊ लागली, सरळ, न थांबता. भाऊंची छाती आत गेली. एक पाय चिखलात उतरला. "थांब, थांब!"

गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. नंदिनीनं मान वळवली नाही, आरशात पाहूनच ती ओरडली,

"मिशीले खर्रा लागला हाये, भाऊ. पुसून घ्या. आन् नंबर पुकारा माया!"