लेबलावरची कुत्री

“लेबल वाचता येत नाही का तुला?” परीक्षकांनी बरणीवर पेन आपटलं.

मुलीने चष्मा सावरला. “येतं, सर. पण हे कुत्रीचं गर्भाशय नाही. मांजरीचं आहे.”

जनावरांच्या डॉक्टरकीची तोंडी परीक्षा चालली होती. टेबलावर पाच बरण्या: गाय, घोडी, मेंढी, डुकरीण, कुत्री. पाच गर्भाशयांतला फरक सांगायचा. डुकरिणीची आतड्यासारखी लांब वेटोळी, गाईची मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं, सगळं तिने धडाधड सांगितलं होतं. अडली ती शेवटच्या बरणीपाशी.

“कशावरून मांजरीचं?”

“अंडाशय दिसतंय, सर. कुत्रीचं चरबीच्या पिशवीत दडलेलं असतं, पिशवी चिरल्याशिवाय दिसत नाही.”

परीक्षक मागे वळले. “काय हो मामा, बरण्या तुम्हीच भरता ना? लेबल बरोबर आहे?”

मामा बेसिनपाशी ट्रे धूत होते. अठ्ठावीस वर्षं ते या विभागात परिचर होते. मेलेलं जनावर आलं की सोलायचं, एकेक अवयव सोडवायचा, औषधात मुरवायचा, बरणीत लटकवायचा. त्यांच्या कामाला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. साहेबलोक पाहुण्यांना सांगत, “आमच्या मामांचा हात म्हणजे हात.”

मुलगीही त्यांच्याकडेच बघत होती. घाबरून नव्हे, खात्रीने. ही पिशवीची गोष्ट तिला मामांनीच शिकवली होती. बाकीची पोरं घड्याळाकडे डोळे लावून असायची, ही मात्र मागे थांबून विचारायची. एकदा मामांनी तिचं बोट धरून चरबीतली ती फट दाखवली होती. “पुस्तकात शोधू नकोस, बोटाला विचार.”

आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी मामांनी पाहिलं, कुत्रीच्या बरणीचं झाकण सैल राहिलं होतं. औषध उडून गेलेलं, आतलं गर्भाशय वाळून कातडं झालेलं. झाकण त्यांनीच लावलं होतं. साहेबांना सांगायची जीभ रेटेना. मागच्या कपाटात एका थोराड मांजरीचं होतं. लेबल तेवढं बदललं. कोण बघतंय एवढं बारकाईने?

“मामा?”

“बरोबर आहे, साहेब,” मामा म्हणाले आणि धुतलेलाच ट्रे पुन्हा नळाखाली धरला.

मुलगी त्या विषयात नापास झाली. चुकीसाठी नव्हे, उद्धटपणासाठी परीक्षकांनी गुण कापले, असं पोरं बोलत होती. पुढच्या परीक्षेपर्यंत तिचे सहा महिने वाया जाणार होते.

घरी मामा जेवता जेवता थांबायचे. बायको विचारायची, “दात दुखतोय का?” ते मान हलवायचे. हो म्हणणं सोपं होतं.

दोन महिन्यांनी एका दुपारी ती विभागात आली. वही छातीशी धरलेली, आवाज पडलेला.

“मामा, ती बरणी परत दाखवाल? माझं कुठे चुकलं ते मला अजून कळत नाहीये. बहुतेक मी तुमचंच नीट ऐकलं नसेल.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मामांनी ती बरणी आणून तिच्यासमोर ठेवली.

“तुझं नाही चुकलं, पोरी. ती मांजरच आहे. लेबल मी लावलं.”

तिने बरणीवरचं लेबल पाहिलं. मग ती सावकाश म्हणाली, “परीक्षेच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मला वाटलं, आपल्याला काही येतच नाही. बाबांना फोन करून सांगितलं मी, शिक्षण सोडते म्हणून.” तिचे डोळे कोरडेच होते. वही न उघडता ती निघून गेली.

त्याच दुपारी मामा विभागप्रमुखांसमोर जाऊन उभे राहिले.

“निकाल लागल्यावर आठवलं का हे?” साहेब भडकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा, वर्षभरात निवृत्त व्हाल. विभागाची अब्रू जाईल ती वेगळीच. गप्प बसा.”

“गप्पच बसलो होतो साहेब. आता होत नाही.”

अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर वाकडंतिकडं, पण झाकणापासून ‘बरोबर आहे, साहेब’पर्यंत सगळं त्यात होतं.

चौकशी झाली. मुलीचे गुण वाढले, ती पास ठरली. मामांना मेमो मिळाला, आणि विभागातून काढून कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवलं, फायली इकडून तिकडे न्यायला. सुरी पुन्हा हातात आली नाही.

सुधारलेली गुणपत्रिका घ्यायला ती कार्यालयात आली, तेव्हा ते त्याच बाकावर होते. ती बाहेर पडली तसे मामा उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते कुठल्या विद्यार्थ्यासाठी उठले नव्हते. तिने पाहिलं, कागद पिशवीत सरळ ठेवला आणि जिना उतरून गेली.

“कुणाची वाट बघताय का, मामा?” आतून शिपायाने विचारलं.

“नाही रे, कुणाची नाही,” मामा म्हणाले, पण बसले नाहीत.