एकेचाळीस दिवस

आईनं सरावाच्या मैदानाची जाळी दोन्ही हातांनी धरून थोरलीच्या नावानं हाक मारली. मुलगी वीस पावलांवर बुटाची नाडी बांधत बसली होती. तिनं मान वर केली नाही. आईनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. दोन-तीन परक्या मुलींनी वळून पाहिलं, पण ही आपली नाडीच्या गाठीतच गर्क. शेवटी आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि धाकटीचं नाव घेतलं. मुलगी लगेच उठली.

"कधीची उभी आहेस?"

"दोन हाका मारल्या तुला. तुझ्या नावानं."

मुलीनं घाईनं मागं पाहिलं. "इथं नको ना, आई."

"ऐकू नाही आल्या?"

"नाही गं."

ती खोटं बोलत नव्हती, आणि आईला तेच लागलं.

घरात मुली दोन होत्या, सोळा महिन्यांच्या अंतरानं. धाकटी सहा वर्षांची असताना तापानं गेली. मृत्यूची नोंद करायला बाप तीनदा घरातून निघाला आणि तीनदा चौकातून परत आला. चौथ्यांदा आईच म्हणाली, राहू दे. त्यामुळे सरकारदरबारी धाकटी वाढत राहिली. शाळेत जाण्याच्या वयाची झाली, मग हायस्कुलाच्या.

मागच्या वर्षी शेजारच्या सहा देशांतल्या सतरा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा ठरली. वयाच्या अटीत जी तारीख होती, तिच्या एकेचाळीस दिवस आधी थोरली जन्मली होती. संघाच्या मॅडम घरी आल्या, भिंतीवरच्या लहान मुलीच्या फोटोकडे बराच वेळ पाहत बसल्या. कपातला चहा निवला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हिचा जन्मदाखला आहे का घरात?"

शर्टांच्या कॉलरी शिवून आईची बोटं कायमची वाकडी झाली होती. मुलीच्या पायांत काय आहे ते अख्खी गल्ली सांगायची. एकेचाळीस दिवसांपायी ते मातीत घालायचं? तिनं पत्र्याची पेटी उघडली. शिबिरात, पासपोर्टवर, जर्सीच्या पाठीवर, सगळीकडे धाकटीचं नाव लागलं. वय तपासायला मनगटाच्या हाडाचा फोटोही काढला, पण हाडानं चहाडी केली नाही.

उपांत्य सामना आईनं घरी टीव्हीवर पाहिला. थोरलीनं गोल मारला आणि अख्खं स्टेडियम ते नाव घेऊन ओरडू लागलं. दहा वर्षं त्या घरात ते नाव कुणी तोंडातून काढलं नव्हतं. बाप उठून बाहेर गेला. आईची नजर मात्र दाराकडे लागली. एवढी माणसं बोलावताहेत म्हटल्यावर पोर येईल की काय, असं तिला वाटलं. आणि भीती नाही, आशा वाटली. त्या रात्री तिनं दाराला कडी घातली नाही.

अंतिम सामन्याला प्रत्येकीच्या घरच्या एकाला बोलावलं होतं, म्हणून ती आज इथं आली होती. मुलीनं तिला आत घेतलं, बाकावर बसवलं. तेवढ्यात वही घेऊन एक हसऱ्या चेहऱ्याची बाई आली.

"काकू, पाचच मिनिटं. स्पर्धेची पुस्तिका निघतेय, त्यात प्रत्येकीच्या लहानपणाबद्दल चार ओळी घालतोय." मग तिनं धाकटीचं नाव अगदी लाडानं घेतलं. "कशी होती हो लहानपणी?"

मॅडमनी उत्तर पढवून ठेवलं होतं: दांडगट, खोडकर, चेंडूवेडी. बसमध्ये आईनं ते दहा वेळा घोकलं होतं. पण आता कुणीतरी ते नाव घेऊन, कशी होती, असं विचारत होतं. दहा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

"भित्री," आई म्हणाली.

मुलीनं चमकून पाहिलं.

"चेंडू आला की माझ्या मागं लपायची. मी कारखान्यातून तुटकी बटणं आणायचे, ती रंगांप्रमाणे मांडत बसायची. निळी सगळी तिची. आपण मागितलं तर पांढरं द्यायची, तेही चिरलेलं. आणि झोपताना माझा कान धरायची. डावाच. कुशीवर वळायची सोय नव्हती मला."

आई बोलत राहिली. तिचा चेहरा असा उजळलेला मुलीनं कधी पाहिला नव्हता. बाई भराभरा लिहीत होती.

"किती गोड. भावंडं कोण?"

"एक थोरली," आई बोलून गेली.

मॅडमनी बजावलं होतं, एकुलती म्हणून सांगा. मुलीचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला.

"हो? तीपण खेळते? मग तिच्याशीही बोलायला हवं."

दाखला, संध्याकाळचा सामना, पोरीनं वर्षभर गाळलेला घाम, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

"नाही," आई म्हणाली. "ती गेली. लहानपणीच."

"अरेरे. ते नाही लिहीत मी," म्हणत बाईनं वही मिटली, आईचा हात क्षणभर दाबला आणि ती पुढच्या बाकाकडे गेली.

आईनं घामेजलेले तळहात पदराला पुसले.

"माझ्या तोंडून..."

"बरोबर बोललीस. दुसरं काय सांगणार होतीस?"

मैदानावरून मॅडमनी मुलीला धाकटीच्या नावानं हाक मारली. मुलगी उठली, पण गेली नाही. आईकडे पाठ करूनच तिनं विचारलं, "आई, आणि थोरली? ती कशी होती?"

धाकटीची बटणं आईला रंगांसकट मुखोद्गत होती. हिची एखादी तरी गोष्ट सापडेल म्हणून ती मनात शोधत राहिली. ही तर रोज समोर होती, हिचं काही जपून ठेवावं असं कधी सुचलंच नव्हतं. मॅडमनी पुन्हा हाक मारली.

"हाक मारली की लगेच यायची," आई म्हणाली.

मुलीनं मान हलवली. तिसरी हाक आली तशी ती मैदानाकडे पळाली.