उरलेली मी

गटात खरं नाव सांगायचं नाही, हा पहिलाच नियम होता. मोठे फलक छापणाऱ्या प्रेसमध्ये तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि नखांच्या कडांतला रंग कितीही घासला तरी जात नसे. म्हणून तिनं फार डोकं न चालवता ‘शाई’ असं लिहून टाकलं. पुढे तेच नाव चिकटलं.

ती काही हौसेनं त्या गटात गेली नव्हती. गुडघा दुखतो म्हणून हॉस्पिटलात गेली, तर तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता, कॉम्प्युटरकडे बघत, आधी वजन उतरवा म्हणून सांगितलं. वर हॉस्पिटलच्याच ऑनलाइन आधारगटात तिचं नाव घालून टाकलं. दर मंगळवारी संध्याकाळी भरायचा तो. शाई घरी आली ती धुसफुसतच. घरात ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. परक्यांचे उपदेश ऐकायला आता घराबाहेरही पडायला नको, ही बरी सोय निघाली, असं ती ताईला म्हणाली.

पण पहिल्याच मंगळवारी भलतंच घडलं. स्क्रीनवर तीन-चार चेहरे आणि बाकी नुसते काळे चौकोन. त्यातल्या एका चेहऱ्यानं, चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी, हातवाल्या खुर्च्यांचा विषय काढला. मास्तर बँकेत गेले, खुर्चीत बसले, उठले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. तशीच ती घेऊन ते काउंटरपर्यंत गेले म्हणे. मास्तर हे इतक्या गंभीरपणे सांगत होते की शाईला हसू आवरेना. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, हेच आपल्या बाबतीत घडलं तेव्हा आपण आठवडाभर घराबाहेर तोंड दाखवलं नव्हतं.

मग ती मंगळवारची वाट बघायला लागली. सुरुवातीला वजनाचे आकडे आणि संयोजिका बाईंच्या गोडगोड सूचना उरकून घ्यायच्या. खरी बैठक नंतर रंगायची. बसमध्ये आपल्या शेजारची जागा रिकामी असूनही लोक उभेच कसे राहतात, हे कुणी सांगे. कान दुखतो म्हणून गेलं तरी डॉक्टर वजनावरच कसा घसरतो, हे दुसरं कुणी. धाकटी म्हणून एक कॉलेजातली मुलगी होती. तिचा चौकोन कायम काळा, पण आवाज असा खणखणीत की ती बोलायला लागली की बाकीचे आपोआप गप्प बसत. ती कॅमेरा का लावत नाही, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. तेवढी समज त्या गटाला होती.

एकदा संयोजिका बाईंनी प्रत्येकाला स्वतःचा एक पूर्ण फोटो टाकायला सांगितला. आपल्याकडे न लाजता बघायचा सराव म्हणून; फोटो गटाबाहेर जाणार नाहीत, अशी हमीही दिली. शाईचा असा फोटो कित्येक वर्षांत निघाला नव्हता. घरच्या समारंभात ती नेहमी मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. ताईनं तिला प्रेसच्या मागच्या भिंतीशी उभं केलं. अंगात ताईनंच विणलेला पिवळाधमक स्वेटर. ताई काहीतरी चावट बोलली, शाई तोंडभर हसली आणि नेमकं तेच फोटोत आलं. मास्तरांनी खाली लिहिलं, ‘या बाईंच्या हसण्यापुढे भिंतसुद्धा बरी दिसते आहे.’ शाईनं ते ताईला वाचून दाखवलं, आणि ताई स्वयंपाकघरात गेली तिथंही पाठोपाठ जाऊन पुन्हा वाचून दाखवलं.

पुढे महिना-दीड महिन्यानं प्रेसमध्ये हॉस्पिटलचं काम आलं. नव्या मोहिमेसाठी सभागृहाच्या दाराशी ठेवायची माणसाएवढी एक उभी पाटी, आणि रस्त्यांवर लावायचे मोठे फलक. पाटी मालकानं शाईच्या सुट्टीच्या दिवशी स्वतःच छापली होती आणि हॉस्पिटलचा शिपाई ती घेऊनही गेला होता. राहिलेल्यांतला पहिला फलक शाईनं मशीनवर लावला. चित्र खालून वर सरकत येत होतं. आधी अक्षरं आली: ‘हे ओझं किती दिवस वाहणार?’ मग पाय आले. मग पिवळा स्वेटर आला. डाव्या बाहीवर टाका चुकला तिथं ताईनं एक गाठ मारली होती, तीही आली. खांदे आले, गळा आला आणि चित्र संपलं. डोकं नव्हतंच.

शाईनं मशीन बंद केलं. मालक आतून धावत आला. तिच्याहून बराच लहान, वडिलांच्या मागे प्रेस सांभाळणारा माणूस. रंग बिघडला का, त्यानं विचारलं.

"ही मी आहे," शाई म्हणाली.

त्यानं फलकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मग कुठं बघावं तेच त्याला सुचेना. हे आपण छापणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. हॉस्पिटलला नाही म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं. तो मान खाजवत उभा राहिला. शेवटी म्हणाला, मशीन बिघडलंय असं चार दिवस सांगतो, त्यापुढचं तुमचं तुम्ही बघा. शाईला वाटलं, धिटाई थोडीच आहे, पण आपण धरून चाललो होतो त्याहून जास्तच.

तिनं तिथूनच संयोजिका बाईंना फोन लावला. बाईंना आधी काही कळेना. मग त्या म्हणाल्या, फोटो प्रसिद्धी विभागानं परस्पर उचलला असणार.

"पण चेहरा काढलाय ना त्यांनी," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुम्हाला कोणीही ओळखणार नाही. तुमच्याच सोयीसाठी केलंय ते."

"माझं डोकं उडवलंत आणि वर सोय म्हणताय?"

बाई बोलत राहिल्या. मोहीम किती चांगली आहे, किती लोकांना उपयोग होईल, वगैरे. शाईनं फोन ठेवला.

घरी ताईनं आधी तिचीच समजूत घातली. मोठ्यांशी कशाला वाकड्यात शिरायचं, चार दिवसांत लोक विसरतील. शाईनं फलकाचा फोटो तिच्यापुढे धरला. ताईनं चष्मा लावला, बाहीवरची गाठ बघितली आणि खालची अक्षरं वाचली.

"माझ्या बहिणीला थंडी वाजू नये म्हणून विणला मी हा," ती म्हणाली. "आणि हे ओझं म्हणतात तिला?" मग ती उठली आणि चपला शोधायला लागली. त्या वेळी हॉस्पिटलात कुणी भेटणार नाही, हे पटवून तिला खाली बसवेपर्यंत शाईच्या नाकी नऊ आले.

मंगळवारी संयोजिका बाईंनी नेहमीसारखी आठवड्याच्या यशानं सुरुवात केली. शाईनं मशीनमधून कापून आणलेला फलकाचा तुकडा कॅमेऱ्यापुढे धरला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. मग मास्तर खाकरले. मागच्या वर्षीच्या पत्रकावर एक पाठमोरा माणूस होता, आठवतो का, त्यांनी विचारलं.

"ती पाठ माझी होती. मी पाहताक्षणी ओळखली. म्हटलं, आपली पाठ आपल्याशिवाय कोण ओळखणार, आणि गप्प बसलो."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत सगळ्यांचे आवाज बंद झाले. बाईंनीच बंद केले होते. आपण या विषयावर स्वतंत्रपणे बोलू, असं त्या म्हणत होत्या आणि स्क्रीनवर मास्तरांचे ओठ अजून हलत होते. तेवढ्यात एक काळा चौकोन उजळला. एक टक्कल पडलेला माणूस, जो आजवर फक्त आकडा सांगून निघून जायचा. मग दुसरा उजळला, मग तिसरा. कुणी काही बोलू शकत नव्हतं, पण सगळे समोर येऊन बसले होते. धाकटीचा चौकोन मात्र काळाच राहिला. खाली तिचं वाक्य उमटलं: ‘मी कॅमेरा लावणार नाही. पण मी इथेच आहे.’ बाईंनी बैठक संपवली.

शनिवारी हॉस्पिटलच्या सभागृहात मोहिमेचं उद्घाटन होतं. शाई ताईला घेऊन गेली. आपण तिथं जाणार असल्याचं तिनं मंगळवारीच गटात लिहून टाकलं होतं. मास्तर आले, टकलू आला, आणखी चौघं-पाचजण आले. एवढे महिने ओळखत होते, पण एकमेकांना संपूर्ण असं कुणी बघितलंच नव्हतं. स्क्रीनवर भारदस्त वाटणारे मास्तर शाईच्या खांद्याला लागत होते. शाईला त्याचंच हसू आलं.

उभी पाटी दारातच होती. शाईनं तोच पिवळा स्वेटर घातला होता. ती पाटीमागे जाऊन उभी राहिली. पाटीची वरची कड बरोबर तिच्या हनुवटीखाली आली. बाकीचे दोन्ही बाजूंना उभे राहिले. कुणी घोषणा दिल्या नाहीत.

पाहुणे यायला लागले. पहिल्याच आल्या त्या एक वयस्कर बाई. त्यांनी पाटीवरची खालची अक्षरं वाचली, नजर वर वर चढत गेली आणि शाईच्या डोळ्यांपाशी येऊन अडकली.

"नमस्कार," शाई म्हणाली. "उरलेली मी."

बाईंनी गडबडून हात जोडले. मागचे थांबले, दारात गर्दी झाली. हॉस्पिटलचे प्रमुख स्वतः आले. आवाज खाली ठेवून, फार आदबीनं, पाहुण्यांची वाट अडते आहे तेव्हा जरा बाजूला होता का, असं त्यांनी विचारलं.

"मला तर तुम्हीच इथं उभं केलंय," शाई म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. एका वार्ताहरानं कॅमेरा काढला, तेव्हा शाईनं त्याला बजावलं की काढायचा तर डोक्यासकट काढा. प्रमुखांनी संयोजिका बाईंकडे पाहिलं, बाईंनी जमिनीकडे. मग शिपाई आला आणि पाटी उचलून घेऊन गेला. आता शाईपुढे काहीच आडोसा नव्हता. गुडघ्यात कळा येत होत्या, पण शेवटचा पाहुणा आत जाईपर्यंत ती जागची हलली नाही. ताई तिच्या कोपराला धरून उभी होती.

फलक रस्त्यावर लागले नाहीत. हॉस्पिटलनं ते काम गुपचूप काढून घेतलं, आणि मालक त्यावरून बरेच दिवस तोंड पाडून हिंडला. शाईला एक निरोप आला, ‘झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी’. पुढच्या मंगळवारी तिनं गट उघडायला घेतला, तर उघडेना. तिचा सहभाग थांबवल्याचं स्क्रीनवर लिहून आलं होतं. मास्तरांचंही तेच.

शाईनं मग स्वतःच एक गट उघडला. तिला त्यातलं काही येत नव्हतं. दोनदा तर ती एकटीच आपल्याशी बोलत बसली. पण पत्ता मिळाला तसे एकेक येत गेले. सगळे आले नाहीत. एकीनं कळवलं की तिचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात आहे, तिला त्यांना दुखवून चालणार नाही. शाईनं तिला लिहिलं, दोन्हीकडे येत जा, आम्ही विचारणार नाही.

वजनाचा आकडा कुणी सांगितला नाही. सांगायचा असता तर शाईचा होता तेवढाच होता. ती एवढंच म्हणाली की गुरुवारी परत त्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाणार आहे, आणि ते गुडघ्याला हात लावून तपासेपर्यंत खोलीतून उठणार नाही. टकलूनं बरोबर येऊ का विचारलं. ती ये म्हणाली.

धाकटीला पोहायला शिकायचं होतं. लहानपणापासून शिकायचं होतं, पण पोहायचे कपडे घालून लोकांसमोर जायचं म्हटलं की तिचे पाय मागे येत. ती हे सांगत असतानाच शाईच्या फोनवर कुणीतरी आत येण्याची परवानगी मागितली. संयोजिका बाई होत्या. सोबत एक ओळ होती: ‘हॉस्पिटलतर्फे नाही. एकटीच आले आहे. येऊ का?’

शाईनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मास्तर म्हणाले, दार तुझ्या हातात आहे, तूच ठरव. कुणी म्हणालं घ्या, कुणी म्हणालं अजिबात नाही. धाकटी मध्येच थांबली होती.

शाईनं थोडा वेळ त्या ओळीकडे बघितलं. मग काहीच न दाबता तिनं त्या ओळीवरून नजर काढली.

"थांबू दे त्यांना जरा," ती म्हणाली. "तू बोल गं. कुठल्या तलावावर जायचं म्हणत होतीस?"